पॉवर स्टेशन घेताय? आधी मीटरचा लाल दिवा मोजा

पॉवर स्टेशन म्हणजे आत बॅटरी आणि इन्व्हर्टर असलेला, बाहेर सॉकेट असलेला, उचलून नेता येणारा डबा. दुकानात ‘एक हजार वॅट-अवर’चा म्हणून जो दाखवतात, त्यात बरोबर एक युनिट वीज मावते. महावितरणच्या बिलावर असतं तेच युनिट. महिन्याला दीडशे युनिट जाळणारं घर दिवसाला पाच युनिट खातं, म्हणजे हा डबा ते अख्खं घर पाच तासही ओढणार नाही. त्याच घरातला राऊटर, दोन दिवे आणि एक टेबल फॅन मात्र तो रात्रभर चालवेल. सगळा हिशेब या दोन वाक्यांच्या मधे कुठेतरी आहे, आणि ‘केवढं घेऊ?’ या प्रश्नाचं उत्तर दुकानदाराकडे नसून तुमच्या मीटरमध्ये आहे.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगून टाकतो. घर स्वतःचं असेल, वायरिंगला हात लावता येत असेल आणि लाईट रोज दोन-चार तास जात असेल, तर साधा इन्व्हर्टर घ्या. १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी कागदावर १८०० वॅट-अवरची असते. तीन-चारशे वॅटच्या लोडला इन्व्हर्टरमधली गळती धरूनही ती हजार-बाराशे वॅट-अवर देते, आणि किमतीत पॉवर स्टेशन तिच्या जवळपासही येत नाही. बॅटरीचं वजन पन्नास किलोच्या वर, त्यात डिस्टिल्ड वॉटर घालत राहावं लागतं, हे खरं. पण छताचे पंखे आणि भिंतीतले दिवे आहेत त्याच बटणांवर चालू राहतात. पॉवर स्टेशनला फक्त सॉकेट असतात. छताच्या पंख्याला पिन नसते, ही इतकी साधी गोष्ट डबा घरी आल्यावर लक्षात येते आणि मग पेडेस्टल फॅन शोधत फिरावं लागतं.

पॉवर स्टेशन कुणासाठी? भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी, गाडीत टाकून बाहेर नेणाऱ्यांसाठी, गच्चीवर किंवा शेतावर अधूनमधून वीज लागणाऱ्यांसाठी, आणि इन्व्हर्टरच्या वायरिंगवर नसलेलं एखादं महत्त्वाचं उपकरण चालू ठेवायचं आहे त्यांच्यासाठी.

लाल दिव्याचा हिशेब

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्या शेजारी ‘३२०० इम्प/केडब्ल्यूएच’ किंवा ‘१६००’ असा आकडा छापलेला असतो. म्हणजे एक युनिट जळलं की दिवा ३२०० वेळा (किंवा १६०० वेळा) लुकलुकतो. घरातलं सगळं बंद करा, फक्त फ्रिज चालू ठेवा, आणि कॉम्प्रेसरचा आवाज येत असताना मोबाईलच्या स्टॉपवॉचवर दहा लुकलुकींना किती सेकंद लागतात ते मोजा. ३२०० च्या मीटरसाठी ११,२५० भागिले ते सेकंद, म्हणजे वॅट. शंभर सेकंद लागले तर फ्रिज साधारण ११२ वॅट घेतोय. १६०० चा मीटर असेल तर २२,५०० ला भागा.

असं एकेक उपकरण मोजायला अर्धा तास पुरतो आणि खर्च शून्य. प्लगमध्ये लावायचा छोटा वॉटमीटर मिळतो, तो घेतलात तर उत्तमच, पुढे त्याचा आणखी एक उपयोग आहे. उपकरणावरच्या पट्टीवर छापलेल्या वॅटवर मात्र विसंबू नका. लॅपटॉपच्या चार्जरवर ६५ लिहिलेलं असतं, बॅटरी भरलेली असताना तो वीस-पंचवीसच घेतो.

मोजून साधारण असे आकडे येतील: एलईडी बल्ब ९, ट्यूब २०, राऊटर ८ ते १२, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३०, जुना छताचा पंखा ७५, टेबल फॅन ५०, मिक्सर ५०० ते ७५०, इस्त्री १०००, इंडक्शन शेगडी १२०० ते २०००, गिझर २०००. शेवटच्या तिघांना पॉवर स्टेशनच्या यादीतून आत्ताच काढून टाका. चालवता येत नाहीत असं नाही. पण साठवलेली वीज उष्णता करायला वापरणं म्हणजे बाटलीबंद पाण्याने अंगण धुणं.

वॅट आणि वॅट-अवर, दोन वेगळे नळ

वॅट-अवर म्हणजे टाकीत पाणी किती. वॅट म्हणजे नळाची तोटी केवढी. जाहिरातीत एकच आकडा मोठ्या अक्षरांत असतो आणि तो कुठला आहे हे बघायचं राहून जातं. इकोफ्लो कंपनीचं रिव्हर २ हे २५६ वॅट-अवरचं आहे आणि त्याचा इन्व्हर्टर ३०० वॅटचा. ब्ल्यूएट्टीचं ईबी३ए हे २६८ वॅट-अवरचं, पण इन्व्हर्टर ६०० वॅटचा. टाक्या जवळजवळ सारख्याच, तोटी दुप्पट. मिक्सर फिरवायचा असेल तर पहिल्याचा उपयोग नाही, दुसऱ्याला ५०० वॅटचा मिक्सर कसाबसा झेपेल. फक्त राऊटर-दिवे-मोबाईल असेल तर मोठ्या तोटीचे पैसे कशाला द्यायचे?

कॅटलॉगमध्ये ‘एक्स-बूस्ट’ किंवा ‘पॉवर लिफ्टिंग’ अशा नावांखाली तिसराच एक आकडा असतो, इन्व्हर्टरच्या क्षमतेच्या दीड-दोन पट. तो खरेदीच्या हिशेबात धरू नका. या युक्तीत डबा व्होल्टेज खाली आणतो, त्यामुळे उपकरण कमी वॅट ओढतं. किटली, इस्त्री असल्या नुसत्या तापणाऱ्या वस्तू त्यावर मंद चालतात. मोटर आणि कॉम्प्रेसर कमी व्होल्टेजवर चालत नाहीत, गुरगुरतात आणि तापतात.

सर्ज, म्हणजे क्षणभर झेपणारे जास्तीचे वॅट, हा आकडा मात्र नीट बघा. मोटर जागची हलताना पहिल्या अर्ध्या-एक सेकंदात चालू असतानाच्या पाच-सहा पट करंट मागते. अर्धा अश्वशक्तीचा पाण्याचा पंप चालू असताना पाच-सहाशे वॅटच घेतो, पण सुरू होताना १८०० वॅटचा इन्व्हर्टरसुद्धा ‘ओव्हरलोड’ दाखवून बंद पडतो. सोसायटीच्या टाकीत पाणी चढवण्यासाठी पॉवर स्टेशन घ्यायचा विचार असेल तर तो इथेच सोडा.

फ्रिज: सगळ्यात जास्त फसगत इथे

फ्रिजवरच्या बीईईच्या तारांकित लेबलवर वर्षाची युनिटं लिहिलेली असतात. समजा २२० आहेत. भागिले ३६५ म्हणजे दिवसाला ०.६ युनिट, म्हणजे सरासरी २५ वॅट. मग १०२४ वॅट-अवरचा डबा चाळीस तास चालायला हवा. चालत नाही. का?

बॅटरीतली वीज डीसी असते आणि घरातल्या सॉकेटमधली एसी; इन्व्हर्टर त्या डीसीचं २३० व्होल्टचं एसी करताना दहा-बारा टक्के खातो. ते एक. दुसरं, एसीचं बटण चालू असेपर्यंत, सॉकेटला काहीही लावलेलं नसलं तरी, इन्व्हर्टर स्वतःसाठी दहा-पंधरा वॅट घेतच राहतो. फ्रिजचे २५, गळतीचे ३, इन्व्हर्टरचे १२, झाले ४० वॅट. हजार भागिले चाळीस, पंचवीस तास. कंपनीच्या तक्त्यातले चाळीस तास असे पंचविसावर येतात, आणि मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे कॉम्प्रेसर थांबायचंच नाव घेत नाही तेव्हा पंधराच्याही खाली.

पुढची फसगत कॉम्प्रेसरच्या प्रकाराची. जुना सिंगल डोअर, साधा कॉम्प्रेसर: चालताना शंभर-सव्वाशे वॅट, सुरू होताना हजारापर्यंत झटका. त्याला किमान हजार वॅटचा इन्व्हर्टर लागतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा नवा फ्रिज हळूहळू वेग घेतो, त्याला पाचशे वॅटही पुरतात. पण फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळवायचा हीटर असतो. तो दिवसातून एक-दोनदा वीस-तीस मिनिटं दीड-दोनशे वॅट घेतो. संध्याकाळी लावून बघितला तेव्हा ६० वॅट दिसले म्हणून २०० वॅटचा डबा घेतला, आणि पहाटे हीटर लागल्यावर तो बंद पडला, अशा तक्रारींचं मूळ तिथे असतं.

तिसरी फसगत सेटिंगमधली, आणि तिने दुधाच्या पिशव्या नासतात. बऱ्याच डब्यांत ‘इको मोड’ किंवा ‘एसी टाइमआउट’ असतो. लोड पाच-दहा वॅटच्या खाली गेला आणि ठरावीक वेळ तसाच राहिला की डबा समजतो, कुणी वापरत नाहीये, आणि एसी बंद करतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबला की लोड नेमका तेवढाच उतरतो. रात्री बॅटरी ७० टक्के, सकाळी बॅटरी ७० टक्के आणि फ्रिज कोमट. पहिल्याच दिवशी ॲपमध्ये किंवा बटणांवर हा मोड शोधून बंद करा.

झोपेत श्वास अडू नये म्हणून लावायच्या सीपॅप मशीनलाही तेच लागू. ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद ठेवली तर सीपॅप तीस-चाळीस वॅटवर चालतं, आठ तासांना तीनशे वॅट-अवर. ह्युमिडिफायर चालू ठेवला की आकडा दुपटीला जातो. मशीनच्या कंपनीचाच डीसी ॲडॉप्टर मिळत असेल तर तो घ्या. पाच लिटरचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मात्र तीन-साडेतीनशे वॅट सलग ओढतं. त्याला एक युनिटचा डबा जेमतेम अडीच तास पुरतो, म्हणून त्या घरात भरलेला सिलिंडर आधी, डबा नंतर.

शक्य तिथे एसी सॉकेट वापरूच नका

वर म्हटलेले इन्व्हर्टरचे दहा-पंधरा वॅट छोट्या लोडला फार जड जातात. राऊटरचा ॲडॉप्टर एसी सॉकेटला लावला तर राऊटर दहा वॅट खातो आणि इन्व्हर्टर बारा. घोड्यापेक्षा टांग्याचं वजन जास्त. राऊटरच्या ॲडॉप्टरवर बघा, बहुतेकदा ‘१२ व्होल्ट, १ अँपिअर’ किंवा ‘१.५’ लिहिलेलं असतं. डब्याच्या १२ व्होल्टच्या गोल डीसी पोर्टला योग्य मापाची तार लावली की इन्व्हर्टरची गरजच राहत नाही. राऊटरची पिन साधारणपणे ५.५ मिलिमीटर बाहेरून आणि २.१ आतून, डब्याची तशीच असते किंवा नसते, मोजून तार घ्या. राऊटर ९ व्होल्टचा असेल तर हे करू नका. आणि मधली पिन प्लस आहे ना, ते दोन्हीकडच्या खुणांवर पाहून मगच लावा.

लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट असेल तर १०० वॅटच्या पीडी (वेगाने चार्ज करणाऱ्या टाइप-सी) पोर्टवरून थेट चार्ज होतो. तार मात्र पाच अँपिअरची, म्हणजे १०० वॅट लिहिलेली लागते. मोबाईलसोबत आलेली तार लावली की लॅपटॉप ६० वॅटवर अडतो किंवा ‘स्लो चार्जर’ दाखवतो, आणि शिव्या डब्याला बसतात.

एमएएच आणि रसायन

‘३,२०,००० एमएएच!’ असं खोक्यावर दिसलं तर दचकू नका. ३.२ व्होल्ट गुणिले ३२० अँपिअर-अवर, म्हणजे तेच १०२४ वॅट-अवर. तोच डबा आतून सोळा सेलच्या माळेचा, ५१.२ व्होल्ट आणि २० अँपिअर-अवरचा असेल तर त्याला २०,००० एमएएचही म्हणता येतं, आणि खिशातली पॉवर बँकही २०,०००चीच, जिच्यात जेमतेम ७४ वॅट-अवर असतात. व्होल्ट सांगितल्याशिवाय एमएएचला अर्थ नाही. वॅट-अवर लिहिलेलेच नसतील तर ते खोकं खाली ठेवा.

रसायन लिथियम आयर्न फॉस्फेटचं घ्या, दुकानात त्याला एलएफपी किंवा लाइफ-पी-ओ-फोर म्हणतात. तीन हजार वेळा भरून-रिकामा केल्यावरही ऐंशी टक्के क्षमता शिल्लक राहते असं कंपन्या यावर लिहून देतात. रोज एकदा वापरला तरी आठ वर्षं. एनएमसी रसायनाचे डबे त्याच क्षमतेला हलके असतात, पण पाचशे ते आठशे फेऱ्यांतच त्या ऐंशी टक्क्यांवर पोचतात आणि बिघडल्यावर जास्त सहज पेटतात. एनएमसीच्या बाजूने वजन हा एकच मुद्दा आहे, आणि तोही पाठीवर नेणाऱ्यांपुरता.

बॅटरीवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असला पाहिजे. बीआयएसच्या ॲपवर तो तपासता येतो. इलेक्ट्रिक गाडीतल्या जुन्या सेलांचे पॅक भरलेले स्थानिक डबे स्वस्त पडतात. ते करणाऱ्याला ओळखत असाल आणि सेलच्या क्षमतेची मोजणी समोर करून देत असेल तरच तिकडे वळा. आउटपुटवर ‘२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, प्युअर साइन वेव्ह’ हे तिन्ही हवेत. ऑनलाइन स्वस्तात दिसणारे काही डबे अमेरिकेसाठी केलेले, १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचे असतात. आपल्याकडे त्यांच्यावर मोबाईल चार्ज होईल, पंखा आणि फ्रिज नाही. (अमेरिकेतून येणारे नातेवाईक घेऊन येतील असं मनात असेल तर तेही विसरा. विमानात प्रवाशाला १०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी केबिनमध्ये नेता येते, १६० पर्यंत विमान कंपनीच्या परवानगीने, त्यावर अजिबात नाही. लेहला उडून जाऊन तिथे आपला डबा वापरायचा बेतही याच नियमाला अडकतो.)

कॅम्पिंग

पवना किंवा भंडारदऱ्याला गाडी तंबूपर्यंत जाते, तिथला हिशेब असा. पाच वॅटचे दोन दिवे पाच तास: ५० वॅट-अवर. चार मोबाईल, प्रत्येकी साधारण २० वॅट-अवरची बॅटरी, गळती धरून ९५. पंधरा वॅटचा १२ व्होल्टचा पंखा आठ तास: १२०. बेरीज २६५. म्हणजे पंखा नको असेल तर २५० च्या वर्गातला, साडेतीन-चार किलोचा डबा एका रात्रीला पुरतो, पंखा हवा किंवा दोन रात्री राहायचं तर पाचशेचा. हजाराच्या वर्गातले डबे दहा ते सोळा किलोंचे असतात. इकोफ्लोचं डेल्टा २ बारा किलोचं आहे, ब्ल्यूएट्टीचं एसी१८० सोळाच्या आसपास. पार्किंगपासून तळ्याकाठी दोनशे मीटर ते एका हाताने उचलून नेऊन बघा, म्हणजे पाचशेचाच बरा हे पटेल. आणि हरिश्चंद्रगडावर चढून जायचं असेल तर पॉवर स्टेशन घरीच राहू द्या. दोन पॉवर बँका आणि हेडलॅम्प बस्स.

चहा इंडक्शनवर करायचा मोह होतो. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळायला ८७ वॅट-अवर उष्णता लागते, शेगडीची आणि इन्व्हर्टरची गळती धरली की बॅटरीतून ११५ जातात. एक युनिटच्या डब्यात आठ-साडेआठ लिटर पाणी उकळलं की दुकान बंद. वर आणखी एक खोच: स्वस्त इंडक्शन शेगडी ४०० वॅटवर ठेवली तरी ती सलग ४०० घेत नाही. काही सेकंद हजार-बाराशे, मग काही सेकंद शून्य, असं करून सरासरी ४०० काढते. पाचशे वॅटच्या इन्व्हर्टरला दिसतात ते हजार, आणि तो बंद पडतो. पोर्टेबल गॅस शेगडी न्या.

दुर्बीण घेऊन तारे बघायला जाणाऱ्यांनी १२ व्होल्टचा पोर्ट ‘रेग्युलेटेड’ आहे का ते विचारावं. काही स्वस्त डब्यांत बॅटरी उतरेल तसं पोर्टचं व्होल्टेजही उतरतं आणि पहाटे तीनला दुर्बिणीची मोटर अडखळते. हिवाळ्यात भंडारदऱ्याला दव असं पडतं की सकाळी टेबलावरून पाणी ओघळतं. या डब्यांना पाण्यापासून संरक्षण बहुधा नसतंच, त्यामुळे डबा तंबूत. पण वर पांघरूण घालू नका, दोन्ही बाजूंच्या जाळ्या मोकळ्या हव्यात. समुद्रकिनारी तो वाळूवर ठेवू नका, आतला पंखा खारी हवा आणि वाळू दोन्ही ओढून घेतो.

थंडीचा नियम वेगळा. शून्य अंशाच्या खाली लिथियम बॅटरी वापरता येते, भरता येत नाही. भरली तर आत लिथियमचा धातूच थर धरतो आणि क्षमता कायमची जाते. चांगला डबा स्वतःच चार्जिंग नाकारतो. स्पितीत सकाळी पॅनेल लावूनही ‘० वॅट’ दिसले तर पॅनेलला दोष देण्याआधी डबा गाडीत घेऊन ऊबेला येऊ द्या. उलट बाजूला, मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिकी बॅटरीच्या ४५ अंशांच्या चार्जिंग मर्यादेपलीकडे सहज जाते.

सोलर: अँपिअरला घाबरू नका, व्होल्टला घाबरा

१०० वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात, सूर्याकडे नीट वळवलेलं असताना ७० ते ७५ वॅट देतं. डिसेंबर ते मे दिवसाकाठी साडेतीनशे-चारशे वॅट-अवर. जुलैत कोकणात शंभरभर मिळाले तरी नशीब. मुंबई-पुण्याच्या बाल्कनीत ग्रिलच्या मागे पॅनेल ठेवलं तर गजांच्या सावलीनेच निम्मं उत्पादन जातं, कारण सेल एकामागे एक जोडलेले असतात आणि झाकला गेलेला सेल सगळ्या रांगेला अडवतो.

ज्यांच्या घराच्या छपरावर मोठी पॅनेलं आहेत किंवा जे स्वस्त पडतं म्हणून एखादं मोठं पॅनेल आणतात, त्यांनी हे नीट वाचा. ५४० वॅटच्या पॅनेलच्या मागच्या पट्टीवर ‘व्हीओसी’ (काहीही न जोडता पॅनेलचं व्होल्टेज) म्हणून ४९ व्होल्टच्या आसपास आकडा असतो. थंड सकाळी तो ५२ पर्यंत चढतो. रिव्हर २ ची सोलर मर्यादा ३० व्होल्ट आहे, ईबी३एची २८. डेल्टा २ आणि एसी१८०ची ६०. म्हणजे पहिल्या दोघांना असं एक पॅनेलही लावायचं नाही, शेवटच्या दोघांना एक चालेल, पण दोन सिरीजमध्ये (एकामागे एक) जोडली की शंभर व्होल्ट होतात आणि चार्जिंग सर्किट गेलं, वॉरंटीसह. अँपिअरचं तसं नसतं. पॅनेल १३ अँपिअरचं आणि डबा ८ अँपिअर घेणारा असेल तर तो आठच घेतो, बाकी पॅनेलमध्येच राहतात. व्होल्ट ढकलले जातात, अँपिअर ओढले जातात.

पॅनेल उन्हात आणि डबा त्याच्याच शेजारी उन्हात, ही नेहमीची चूक. डबा तापतो, चार्जिंग कमी करतो, मग थांबवतो. चार चौरस मिलिमीटरची दहा मीटर सोलर तार घ्या आणि डबा सावलीत ठेवा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तशा वेळी केवढाही डबा दुसऱ्या दिवशी रिकामाच. तिथे दोनशे वॅटचं पॅनेल आणि पाचशेचा डबा ही जोडी पॅनेलशिवायच्या दोन हजारांपेक्षा कामाची.

गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवरून जास्तीत जास्त शंभर-सव्वाशे वॅट येतात. मुंबई ते दापोली सहा तासांत सहाशे वॅट-अवर भरतात, इंजिन चालू असताना.

घरात लावताना

मोठे डबे भिंतीतून हजार-बाराशे वॅटने भरतात. जुन्या वाड्यातल्या ५ अँपिअरच्या सॉकेटवर आणि बारीक वायरवर तासभर एवढा लोड म्हणजे पिन काळी पडणारच. १५ अँपिअरचा पॉवर पॉइंट वापरा किंवा चार्जिंगचा वेग चारशे वॅटवर आणा. रात्रभर वेळ असताना घाई कशाला?

यूपीएससारखा कायम जोडून ठेवणार असाल तर लक्षात घ्या, लाईट असेपर्यंत घरातलीच वीज बायपासने थेट उपकरणाला जाते. गावाकडे व्होल्टेज २६० असेल तर उपकरणालाही २६०. डबा स्टॅबिलायझर नाही. लाईट गेल्यावर दहा ते तीस मिलिसेकंदांत तो बॅटरीवर येतो, कॉम्प्युटरला बहुधा तेवढं चालतं.

दोन्ही टोकांना पिन असलेली तार करून डब्याची वीज भिंतीच्या सॉकेटमधून घरभर सोडायचा ‘जुगाड’ कुणी सुचवला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. मेन स्विच बंद करायचा राहिला तर ती वीज बाहेरच्या लाईनवर जाते, जिथे वायरमन लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेला असतो. लाईट परत आली तर डब्याचा इन्व्हर्टर जळतो तो वेगळाच. तारेची मोकळी पिन हातात असताना ती जिवंत असते हे तर सांगायलाच नको.

इलेक्ट्रिशियनही गोंधळतो अशी एक गोष्ट: अनेक डब्यांच्या सॉकेटमध्ये टेस्टर दोन्ही भोकांत मंद लागतो. तो बिघाड नव्हे. या आउटपुटचा न्यूट्रल जमिनीला जोडलेला नसतो, म्हणून दोन्ही टोकं अर्धवट जिवंत दिसतात. त्याच कारणाने घरातल्या आरसीसीबीच्या (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचच्या) भरवशावर डब्याला लावलेलं ओलं उपकरण हाताळू नका.

पहिला आठवडा

परत करायची मुदत संपण्याआधी एक चाचणी करा. डबा पूर्ण भरा, सॉकेटमध्ये तो वॉटमीटर लावा, त्यात शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब, आणि डबा आपोआप बंद पडेपर्यंत जळू द्या. १०२४ च्या डब्यावर हे साडेआठ तासांच्या आसपास चालतं आणि वॉटमीटरवर ०.८२ ते ०.९० युनिट दिसायला हवं. ०.६ दिसलं तर पुन्हा पूर्ण भरून एकदा करा, कारण एलएफपीचं व्होल्टेज जवळजवळ सपाट असल्यामुळे नव्या डब्याचा टक्क्यांचा आकडा पहिल्या फेरीत चुकू शकतो. दुसऱ्यांदाही ०.६ आलं तर परत करा.

सर्व्हिस सेंटर कुठल्या गावात आहे हे विकत घेण्याआधी विचारा. लिथियमचं पार्सल विमानाने सहजी जात नाही, रस्त्याने जातं, आणि बारा किलोचा डबा मूळ खोक्याशिवाय घ्यायला कुरियरवाला तयार होत नाही. खोकं आणि थर्माकोल माळ्यावर टाका.

वापरात नसेल तेव्हा पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवा, दर तीन महिन्यांनी बघा, आणि वर्षातून दोन-तीनदा पूर्ण भरून पूर्ण उतरवा म्हणजे टक्क्यांचा हिशेब ताळ्यावर राहतो. शून्यावर उतरलेला डबा पावसाळाभर कपाटात राहिला तर बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारं आतलं सर्किट) त्याला कुलूप लावतो आणि मग तो भिंतीच्या चार्जरलाही दाद देत नाही. बिल, अनुक्रमांक आणि पहिल्या चाचणीत वॉटमीटरवर आलेला आकडा, तिघांचा एक फोटो काढून ठेवा. चौथ्या वर्षी क्षमता घटल्याची तक्रार करायची वेळ आली तर कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते.